आठसेकंदे यांचा पत्ता

आधी परवानगीचं सांगून टाकते, कारण माझ्या धंद्यात तोंड उघडणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत टॅक्स भरून देणाऱ्याने गिऱ्हाइकाची माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय बाहेर काढली, तर कलम ७२१६ खाली तुरुंगाची हवासुद्धा खावी लागू शकते. ही गोष्ट ज्या दोघांची आहे त्यांनी मला कागदावर सही करून दिली आहे. आकडे मी इकडेतिकडे केलेत, नावं घेणार नाही. तिने एक अट घातली, "तुमच्या भाषेत लिहा. इथल्या कुणाला वाचता यायला नको." म्हणून मराठीत.

त्याला मी मनातल्या मनात आठसेकंदे म्हणते. सहस्रबुद्धे असतात, अष्टपुत्रे असतात, मग आठसेकंदे का नसावेत? रोडिओमध्ये, म्हणजे काउबॉय लोकांच्या खेळांत, उधळलेल्या घोड्यावर आठ सेकंद टिकलं तर गुण, नाहीतर शून्य. हा माणूस गेली चौदा वर्षं त्या आठ सेकंदांवर जगतोय.

मी मूळची मंचरची. राहते कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला आणि कामाला जाते उत्तरेला पंचेचाळीस मैलांवर, वायोमिंगमधल्या शायेनला. हिवाळ्यात त्या रस्त्यावर असा वारा असतो की रिकामे ट्रेलर आडवे होतात आणि हायवे बंद ठेवतात. ऑफिस छोटं. आम्ही तिघीजणी, एक कॉफीचं मशीन आणि जानेवारी ते १५ एप्रिल मान वर करायला वेळ नाही. मी एन्रोल्ड एजंट आहे, म्हणजे इथल्या आयकर खात्यापुढे, आयआरएसपुढे, गिऱ्हाइकाची बाजू मांडायचा परवाना असलेली बाई. घरी मी आणि माझा मुलगा. तो सहा वर्षांचा असताना घटस्फोट झाला.

आठसेकंदे पहिल्यांदा आले मार्च २०२३ मध्ये. हातात बुटांचं खोकं, खोक्यात पावत्या. हॅट काढली, छातीशी धरली, आणि मी 'बसा' म्हणेपर्यंत उभेच. दर वाक्याला "यस मॅम". याचं मराठी मला अजून जमलेलं नाही. 'हो बाई' म्हटलं तर गडी बोलल्यासारखं वाटतं, 'हो मॅडम' म्हटलं तर शिपाई. तो शब्द तिथेच राहू दे.

पावत्या डिझेलच्या, मोटेलच्या, चिकटपट्टीच्या रोलच्या, रोझिनच्या (पकड बसावी म्हणून लावायची राळ) आणि सगळ्यात जास्त एंट्री फीच्या. हे मला त्या दिवशी नव्याने कळलं. रोडिओत पगार नाही. घोड्यावर बसायचे पैसे स्वाराने भरायचे, कुठे शंभर, कुठे चारशे-पाचशे डॉलर, आणि वरच्या थोड्या नंबरांनाच बक्षीस. बाकीचे फी घालवून पुढच्या गावाला. वर्षाच्या शेवटी जगात पहिला कोण, हेसुद्धा स्वारीच्या गुणांवर ठरत नाही, डॉलरवर ठरतं. एक डॉलर जिंकला की क्रमवारीत एक गुण. त्या हिशेबाने पहिले पंधरा डिसेंबरात लास व्हेगासच्या नॅशनल फायनल्सला जातात. आमचे आठसेकंदे कधी पंधरात नव्हते. साठ-सत्तरच्या घरात असावेत, मी विचारलं नाही.

फोनचं बिल बघून मी विचारलं, यात धंद्याचं किती? तर म्हणाले, जवळजवळ सगळंच. का? खोगीर घालून जो घोडा उधळवतात, त्याला लगाम म्हणजे एकच जाड विणलेला दोर, एकाच हातात. तो किती लांब सोडायचा हे प्रत्येक घोड्याचं वेगळं. आखूड धरला की घोडा मान खाली घालताना माणसाला पुढून ओढून पाडतो, लांब सोडला तर धरायला काही उरतच नाही. म्हणून चिठ्ठीत कोणता घोडा आलाय ते कळलं की त्याच्यावर आधी बसलेल्याला फोन करायचा आणि विचारायचं, किती दिलास? उत्तर येतं, मूठ आणि अंगठा. किंवा मूठ, अंगठा आणि वर दोन बोटं. माझ्या टेबलाच्या कडेवर मूठ ठेवून, अंगठा ताणून त्यांनी मला ते माप दाखवलं. करंगळी वाकडी जुळलेली होती. जो माणूस उद्या तुला हरवणार आहे तोच तुला लगामाचं माप सांगतो, आणि खरं सांगतो. माझ्या टॅक्सच्या धंद्यात असं होत नाही.

मग हॅट आणि बुटांवरून वाद. रोडिओच्या नियमाप्रमाणे रिंगणात काउबॉय हॅट आणि लांब बाह्यांचा शर्ट लागतोच, मग हा खर्च धंद्याचा नाही का? नाही. जो कपडा रोज घालता येतो तो खर्चात धरता येत नाही, आणि वायोमिंगमध्ये हॅट-बूट घालून माणसं दात काढायलासुद्धा जातात. पँटवर चढवायच्या चामडी चॅप्स, टाचेला बांधायचे बोथट आऱ्यांचे स्पर्स, छातीवरचं संरक्षक जाकीट, खोगीर, हे धरता येतं. मात्र बक्षीस म्हणून मिळालेलं खोगीर बाजारभावाने उत्पन्नात जातं. "म्हणजे जिंकलं तर टॅक्स, विकत घेतलं तर सूट," असं म्हणून ते पहिल्यांदा हसले.

पण खरी अडचण पुढे होती. मी विचारलं, घर कुठे?

त्यांनी एक पोस्टाची पेटी सांगितली, नेब्रास्कातली, आईच्या नावावरची. मी म्हटलं, पत्र कुठे येतं ते नाही, राहता कुठे? उन्हाळाभर ट्रकमध्ये, दोन जोडीदारांबरोबर. हिवाळ्यात कधी टेक्सास, कधी अ‍ॅरिझोना, जिथे घोडे असतील तिथे नाल ठोकायचं काम. झोपायचं कुणाच्या तरी सोफ्यावर. भाडं? नाही. सामान? ट्रकमध्ये.

कायदा असा आहे. 'घरापासून दूर' कामासाठी गेलात तर प्रवासाचा खर्च वजा मिळतो. पण दूर जायला आधी घर लागतं. ज्याचं कुठेच ठिकाण नाही त्याला आयआरएस फिरस्ता मानते: तो जिथे असेल तिथेच त्याचं घर, त्यामुळे तो कधीच घरापासून दूर नसतो, आणि पन्नास हजार मैल ट्रक हाकूनसुद्धा त्याला एका मैलाची सूट नाही. मी हे सांगितलं तेव्हा आठसेकंदे खोक्याकडे बघत बसले. डिझेल आणि मोटेलच्या पावत्या बाजूला काढल्यावर खोकं अर्धं झालं. हातात काही उरलेलं नसताना त्यांना सोळाशे डॉलर भरावे लागणार होते.

"मॅम," ते म्हणाले, "मला घर नाही हे मला माहीत होतं. पण त्याचे पैसे पडतात हे माहीत नव्हतं."

त्या रात्री घरी जाताना मला आमच्याकडचे गाडामालक आठवत होते. आमच्या भागात बैलगाडा शर्यतींचं वेड आहे. घाटात बारी सुटते, पुढे घोडी धरलेली असते, दहा-बारा सेकंदांत निशाण पडतं, आणि त्या दहा-बारा सेकंदांसाठी माझ्या चुलत आजोबांनी एकदा विहिरीच्या वाट्यावर कर्ज काढलं होतं. आजीने त्यांच्याशी किती दिवस अबोला धरला त्याचे निरनिराळे आकडे आमच्या घरात सांगतात. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, पुढे राज्याने कायदा बदलला, आणि मे २०२३ मध्ये त्याच कोर्टाने तो बदल मान्य केला, तेव्हा गावाकडून मला पहाटे तीनला व्हिडिओ आले होते. जनावरांच्या हालांचा प्रश्न तिथेही आहे आणि इथेही. वासराला दोर टाकून बांधायचा प्रकार मी आजही बघत नाही, त्या वेळी मी लिंबू सरबताच्या रांगेत जाते. घोड्यांचं मला एवढं टोचत नाही. हे माझं सोयीचं आहे, मला कळतं.

मार्च २०२४. आठसेकंदे पुन्हा आले, तेच खोकं. पावत्या लावताना एक पावती मधेच निघाली: लहान मुलाचे काउबॉय बूट, एक जोड. मी वर बघायच्या आत त्यांनी ती उचलून शर्टाच्या खिशात घातली. "ही धंद्याची नाही, मॅम."

मग घराच्या प्रश्नाला त्यांनी मागच्या खिशातून एक पाकीट काढलं. त्यात वटलेल्या तीन चेकच्या प्रती. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर २०२३. प्रत्येकी तीनशे डॉलर, खाली मजकूर 'भाडं'.

चेक जिच्या नावाचे, ती शाळेची बस चालवते. पहाटे पाचला बसचं इंजिन तापवायचं, दुपारी पुन्हा फेरी, आणि उन्हाळ्यात शाळा बंद म्हणजे पगारही बारीक. म्हणून जुलैत फ्रंटियर डेजच्या दहा दिवसांत ती पार्किंगपासून रिंगणापर्यंतची बस चालवते. शायेनचा हा रोडिओ १८९७ पासून चालू आहे, जुलैच्या शेवटी सगळं गाव त्यात बुडतं. २०२३ मध्ये आठसेकंदेंचा ट्रक पार्किंगपाशीच बंद पडला. ते खोगीर खांद्यावर घेऊन तिच्या बसमध्ये चढले. बस गच्च. खोगीर मधल्या वाटेत ठेवलं तर ती म्हणाली, "वाट मोकळी पाहिजे. खोगीर मांडीवर घ्या, नाहीतर उतरा." पन्नास माणसांसमोर. हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. तिच्या सांगण्यात तिने 'प्लीज' म्हटलं होतं, त्यांच्या सांगण्यात नाही.

ऑक्टोबरात त्यांनी तिला विचारलं, खोगीर तुझ्या गॅरेजमध्ये ठेवू का? तिने सांगितलं, ठेव, पण खोगीर आलं की माणूसही येतो हे मला माहीत आहे, आणि या घरात राहणारा भाड्यातला वाटा देतो. चेकने. तिच्या मुलाचा बाप रोख देईन म्हणायचा, आणि रोखीचा पुरावा राहत नाही.

इथे माझा एक राग काढून घेते. आमच्या गावच्या लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत एक अख्खं खोकं याच विषयाचं असतं: रोडिओवाला आणि एकटी आई. डॉलरला चार. मी घेते, वाचते, खोटं कशाला बोलू. मुखपृष्ठावर उघडी छाती आणि हॅट. तो बहुतेक बैलावर बसणारा असतो आणि मागाहून कळतं की बापाचं हजारो एकरांचं रान आहे. तिचं छप्पर गळत असतं, ते तो दुरुस्त करतो. शेवटच्या चार प्रकरणांत त्याला मोठी इजा होते, तो रोडिओ सोडतो, आणि मग तो लग्नाला लायक होतो. मला नेहमी वाटतं, अरे, म्हणजे तिला तो मोडल्यावरच मिळायचा होता? त्यात कुणी भाड्याचा चेक फाडत नाही. आणि छपराचं म्हणाल तर आमच्या या बाईने स्वतः शिडी लावून केलंय, मागच्या गारपिटीनंतर. हे साहेब शिडी धरून खाली उभे होते.

तर घर. मी तीन गोष्टी तपासल्या. त्या भागात काम आहे का? आता होतं, हिवाळ्यात ते शायेनच्या आसपासच नाल ठोकत होते. बाहेर खर्च होत असताना घरचाही खर्च चालू असतो का? भाडं चालू. तिथे वारंवार येऊन राहता का? तिच्या गॅरेजमध्ये खोगीर, ऐरण आणि एक मेलेली बॅटरी होती. ऑक्टोबरपासून पुढे मी प्रवास धरला. पण मैलांची नोंद? नव्हती. मी सांगितलं, तारीख, गाव, ओडोमीटरचा आकडा, कशासाठी गेलात, हे त्याच्या त्याच वेळी लिहिलेलं हवं. वर्षाअखेरीला बसून आठवून लिहिलेलं चालत नाही. ते म्हणाले, मी लिहायचा माणूस नाही. मी म्हटलं, मग लिहिणारा शोधा.

त्यांनी शोधला. आठ वर्षांचा.

ती वही माझ्यासमोर नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. शाळेची, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या पुठ्ठ्याची. रोज रात्री साडेआठला आठसेकंदे जिथे असतील तिथून फोन करायचे आणि आकडा सांगायचे. पोरगा लिहायचा. ट्रकमध्ये बसलेले असताना त्यालाच डॅशबोर्ड वाचायला लावायचे. आयकराला चार रकाने पुरतात, याने सात आखले होते. तारीख, गाव, आकडा, घोड्याचा रंग, लगाम, गुण, आणि शेवटचा रकाना 'जेवण'.

माझं वही तपासायचं काम पंधरा मिनिटांचं. मी तासभर वाचत बसले.

जुलैच्या पहिल्या आठवड्याला रोडिओवाले 'काउबॉय ख्रिसमस' म्हणतात. चार जुलैच्या सणामुळे सगळीकडे एकदमच रोडिओ, एका दिवसात दोन-दोन गावं. वहीत असं होतं: '२ जुलै. रेड लॉज. तपकिरी. मूठ+अंगठा. ७४. पैसे नाही. बरिटो.' '३ जुलै. लिव्हिंगस्टन. काळा. मूठ+अंगठा+१. ८२. पैसे!!! पेट्रोल पंपावरचा बरिटो.' '४ जुलै. कोडी. पांढरा. पडला. खांदा. आईला सांगू नको म्हणाला. मी सांगितलं. बरिटो.'

त्या 'मी सांगितलं'खाली दोन रेघा.

त्याच जुलैत मी माझ्या मुलाला घेऊन फ्रंटियर डेजला गेले. सकाळी गावात फुकटचा पॅनकेक नाश्ता असतो. पीठ सिमेंटच्या मिक्सरमध्ये कालवतात, खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. दुपारी रिंगण. बाहेर लेन फ्रॉस्टचा ब्राँझचा पुतळा आहे. १९८९ मध्ये जुलैच्या तीस तारखेला, इथेच, पंचवीस वर्षांचा हा जगज्जेता आठ सेकंद पुरे करून बैलावरून उतरला, गुणही मिळाले, आणि उतरल्यावर बैलाने पाठीत शिंग मारलं, त्यात तो गेला. त्यानंतर त्याच्या मित्राने, कोडी लॅम्बर्टने, ते संरक्षक जाकीट तयार केलं, जे मी दर वर्षी खर्चात धरते. माझा मुलगा पुतळ्यापाशी उभा राहून म्हणाला, आई, तुझं गिऱ्हाईक पण मरू शकतं का? मी त्याला लिंबू सरबत घेऊन दिलं.

ती आली ऐन वेळी, बसच्या फेरीतून वीस मिनिटं काढून, अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात किल्ल्या. पोरगा कठड्याला चिकटलेला, वही उघडी. आठसेकंदे आडोशात घोड्यावर वाकलेले, मूठ खोगिराच्या उंचवट्यामागे टेकवून, अंगठा ताणून लगाम मोजत. मग मान हलवली, फाटक उघडलं.

खोगिराच्या घोड्यावर एक नियम फार जाचक आहे. पहिल्या उडीला घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकतात तेव्हा स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर लागलेल्या पाहिजेत. नसल्या, तर पुढचं सगळं फुकट. त्यांची डावी टाच वितभर खाली राहिली. मला काही कळलं नाही. मी ओरडत होते, कारण ते टिकले होते, पूर्ण आठ सेकंद, आणि ते फार देखणं होतं, हात वर, घोडा आणि माणूस एका तालात. पोराने मात्र आधीच लिहून टाकलं होतं: शून्य. मग त्याने आईकडे बघितलं. ती पंचाकडे बघत होती. "डावी," ती म्हणाली, आणि घड्याळ बघून बसकडे निघाली. जाताना आठसेकंदेंच्या खांद्यावर थाप मारून गेली, दुखऱ्या खांद्यावर. ते कळवळले.

नोव्हेंबरात तिघं माझ्या ऑफिसात. प्रश्न एकच: लग्न ३१ डिसेंबरच्या आधी करायचं की नंतर?

हा प्रश्न फालतू नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तुम्ही विवाहित असाल तर कायद्याने पूर्ण वर्ष विवाहित. ती इतकी वर्षं 'हेड ऑफ हाउसहोल्ड' म्हणून भरत आलेली. लग्न न झालेला, मूल जवळ असलेला, घराचा अर्ध्याहून जास्त खर्च उचलणारा माणूस. लग्न झालं की तो रकाना गेला. मी दोन्ही हिशेब मांडले. तिचा पगार, त्यांची नालबंदीची कमाई, आणि रोडिओचा तोटा, कारण आता घर होतं, वही होती, आणि मैलाला ६७ सेंट वजा होत होते. तो तोटा जोडीच्या रिटर्नमध्ये नालबंदीची कमाई पुसून टाकत होता. एकत्र भरलं तर साधारण सोळाशे डॉलरचा फायदा.

तिने आकडा दोनदा बघितला. "म्हणजे याच्या तोट्याशी लग्न केलं तर मला फायदा?"

"कागदावर," मी म्हटलं.

मग दुसरी बाजू सांगणं माझं काम होतं. एकत्र रिटर्नवर सही केली की दोघंही त्या रिटर्नला पूर्ण जबाबदार. पाच वर्षांत तीनदा नफा दाखवला तर खातं साधारणपणे धंदा मानून चालतं. तसं नसेल तर उद्या विचारू शकतं, हा धंदा आहे की छंद? छंद ठरला तर तोटा नामंजूर, आणि वसुली दोघांपैकी कुणाकडूनही, म्हणजे ज्याला नियमित पगार आहे तिच्याकडून. नीट ठेवलेली वही हा आपल्या बाजूचा चांगला पुरावा. पोराने मान ताठ केली.

आठसेकंदे म्हणाले, वेगवेगळं भरू. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मला म्हणाली, "पैशांचं नाही. मला तो रकाना सोडवत नाही."

मी त्याला मराठीत कुटुंबप्रमुख म्हणते. आमच्या घरच्या रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख आजोबा होते, मग वडील. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात घरातली मोठी बाई प्रमुख धरायची असं आलं, तेव्हा आई फोनवर सांगत होती की तलाठ्याच्या ऑफिसात वडिलांनी तीनदा विचारलं, नक्की? माझ्या घटस्फोटानंतरच्या पहिल्या वर्षी मी स्वतःचं रिटर्न भरायला बसले. दुसऱ्यांची हजारो भरली असतील. त्या रकान्यावर खूण करताना मी उठून पाणी प्यायले, परत बसले. सोफा हप्त्यावर होता, मुलाला ताप होता, आणि मी प्रमुख होते. तिला काय सोडवत नव्हतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण सल्ला द्यायचाही नव्हता. मी कॉफी आणायला गेले आणि मुद्दाम वेळ लावला. काचेतून दिसत होतं, दोघं काही बोलत नव्हते. पोरगा दोघांच्या मधे बसून माझ्या स्टेपलरशी खेळत होता.

लग्न २८ डिसेंबरला झालं, कोर्टात. मी नव्हते, भारतात होते.

मार्च २०२५ मध्ये सह्यांना आले. एकत्र रिटर्न. मी नेहमीच्या सवयीने नवऱ्याचं नाव वरच्या ओळीत टाकलं होतं. लाजिरवाणी गोष्ट आहे, बारा वर्षं या धंद्यात, स्वतः कुटुंबप्रमुख, आणि हात आपोआप तिकडेच गेला. तिने बोट ठेवलं. "हे असंच लागतं का?"

नाही. नियम काहीच नाही, कुणाचंही नाव आधी चालतं. फक्त दर वर्षी तोच क्रम ठेवलेला बरा.

"मग माझं वर."

"यस मॅम," आठसेकंदे म्हणाले. हे मला नव्हतं.

मी बदललं, पुन्हा छापलं. पत्ता दोघांचा एकच, त्यांनी तो बोटाने हळूहळू वाचला, अगदी पिनकोडपर्यंत. सहीशेजारी व्यवसायाचा रकाना असतो. तिच्यापुढे बसचालक लिहिलेलं होतं. त्यांचं मी रिकामं सोडलं होतं, कारण वर्षभराची खरी कमाई नालबंदीची, खांद्याचं ऑपरेशन मेमध्ये ठरलेलं, आणि पुढचा मोसम कुणालाच माहीत नव्हता. काय लिहू, मी विचारलं. ते घुटमळले. नालबंद म्हणणार असं वाटलं.

तिने डोकं वर न करता, सही करता करता सांगितलं, "रोडिओच लिहा."